उंबरठा कोणासाठी कापला जातो?

जुलै २०२४ मध्ये बीजिंगच्या ‘मध्य अक्षा’ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. उत्तरेकडील घंटाघर व नगारखान्यापासून दक्षिणेच्या योंगदिंगमेन दरवाजापर्यंत ७.८ किलोमीटर गेलेली ही रेषा म्हणजे चिनी राजसत्तेने जमिनीवर आखून ठेवलेली उतरंडच होय. मधोमध सम्राटाचा वाडा, त्याच्या आसपास पूर्वजांची व देवतांची पूजास्थाने, आणि प्रजा तटाबाहेर. आज या रेषेवरची बहुतेक स्थळे जनतेला खुली आहेत. १४२० साली बांधून पूर्ण झालेल्या निषिद्ध नगरीत परवानगीवाचून पाऊल टाकण्याची सामान्य माणसाची प्राज्ञा नव्हती. १९२५ साली त्याच नगरीचे संग्रहालय झाले आणि २०१९ या एका वर्षात १ कोटी ९० लाखांहून अधिक लोक तिच्या दारातून आत गेले. या स्थित्यंतराचे मोल कोणताही समाजवादी कमी लेखणार नाही. परंतु दार उघडले म्हणजे सर्वांना प्रवेश मिळाला, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. दाराला उंबरठा असतो, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या लेखी उंबरठा आणि भिंत यांत फारसा फरक नसतो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असे कोणी समजू नये. चीनमध्ये अपंगांची संख्या सरकारी अंदाजानुसार सुमारे साडेआठ कोटी आहे. २०२४ च्या अखेरीस तेथील साठी ओलांडलेल्यांची संख्या ३१ कोटींवर गेली. या सगळ्यांना चाकाची खुर्ची लागते असे नाही. पण गुडघे धरलेली आजी, काठी टेकणारा निवृत्त कामगार, लेकराला बाबागाडीतून नेणारी आई, यांची आणि खुर्चीवरल्या माणसाची वाट अखेर एकच असते. एवढ्या जनतेला वगळून जो वारसा उरतो त्याला ‘लोकांचा वारसा’ म्हणायचे काय, हा या लेखातील प्रश्न आहे.

राजाची पालखी आणि अपंगाची खुर्ची

निषिद्ध नगरीची रचना बारकाईने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. तेथील पायऱ्या, चौथरे आणि उंबरठे हे केवळ बांधकामाच्या गरजेतून आलेले नाहीत. मुख्य तीन दालने पांढऱ्या संगमरवराच्या तीनपदरी चौथऱ्यावर, जमिनीपासून सुमारे ८ मीटर उंच उभी आहेत. ही उंची मुद्दाम योजलेली आहे. येणाऱ्याने पायऱ्या चढता चढता आपली पायरी ओळखावी, हा तिचा हेतू. दालनागणिक आडवा येणारा उंच लाकडी उंबरठाही हेच सांगतो: येथे कोणीही सहजासहजी आत यायचे नाही.

मात्र ज्याच्यासाठी हे सारे उभारले, तो सम्राट या पायऱ्या चढत नसे. पायऱ्यांच्या दोन ओळींमध्ये कोरीव दगडाचा एक सलग उतार आहे. सम्राटाची पालखी या उतारावरून अधांतरी जाई आणि भोई दोन्ही बाजूंच्या पायऱ्या चढत. मागच्या बाजूच्या अशा उताराची एकच शिळा सुमारे साडेसोळा मीटर लांब आणि २०० टनांहून जड आहे. असले अवजड दगड नैर्ऋत्येच्या फांगशान भागातील खाणींतून आणले जात. त्यासाठी ऐन हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून त्याचा बर्फ होऊ दिला जाई, आणि त्या बर्फावरून हजारो मजूर ते ओढीत नेत. एका माणसाला पायरी चढावी लागू नये म्हणून एका साम्राज्याची श्रमशक्ती अशी जुंपली गेली. तेव्हा या वास्तूत उताराला जागाच नव्हती, असे कोणी म्हणू नये. उतार होता, तो सत्तेसाठी राखीव होता. पायऱ्या प्रजेच्या वाट्याला आल्या.

आज याच स्थळी चाकाच्या खुर्चीवरील पर्यटकाला अवघड जागी चार स्वयंसेवक उचलून नेतात, त्याची छायाचित्रे निघतात आणि माणुसकीचे गोडवे गायिले जातात. वरवर पाहता दृश्य तेच आहे: एक बसलेला, चौघे उचलणारे. परंतु सम्राट हुकमाने उचलला जात होता, अपंग दयेने उचलला जातो. ज्याला दर उंबरठ्यापाशी कोणा अनोळखी माणसाच्या सौजन्याची वाट पाहावी लागते, त्याला पाहुणा म्हणता येईल. त्या जागेचा मालक म्हणता येणार नाही. आणि प्रजासत्ताकात नागरिक हा राजवाड्याचा मालक असतो, असे क्रांतीने सांगितले होते.

वारशाचे सोवळे

यावर ठरलेले उत्तर येते. वास्तू सहाशे वर्षांची आहे. तिला हात लावता येत नाही. एक उंबरठा कापला तरी इतिहास भ्रष्ट होतो. हा युक्तिवाद करणारे सारेच ढोंगी असतात असे नव्हे. जुन्या लाकडाविषयी, दगडाविषयी आस्था बाळगणारे अभ्यासक त्यांत आहेत आणि त्यांच्या आस्थेचा आदर केला पाहिजे. परंतु इतिहासच या युक्तिवादाची साक्ष देत नाही.

शेवटचा सम्राट पू यी १९१२ साली पदच्युत झाला, तरी १९२४ पर्यंत त्याला वाड्याच्या अंतर्भागात राहू दिले होते. त्या काळात त्याला सायकलीचा नाद लागला. दालनादालनांतले उंबरठे आड येऊ लागले, तेव्हा त्याने ते सरळ कापून टाकायला लावले. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. पूर्वजांना शतकानुशतके ज्यांची अडचण झाली नाही ते उंबरठे एका पोराच्या हौसेखातर करवतीखाली गेले. तेव्हा आकाश कोसळले नाही. उलट, आज मार्गदर्शक तीच गोष्ट पर्यटकांना कौतुकाने सांगतात. सम्राटाच्या सायकलीची दोन चाके जाण्यासाठी उंबरठा कापला तर तो मनोरंजक इतिहास होतो आणि अपंगाच्या खुर्चीच्या चाकांसाठी त्यावर फळी टाकायची म्हटले तर वारशाला धोका पोचतो, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

सायकलीची गोष्ट किरकोळ वाटत असेल तर शहराच्या तटाची गोष्ट घ्यावी. बीजिंगचा प्राचीन तट १९५० आणि १९६० च्या दशकांत रस्ते व भुयारी रेल्वे यांच्यासाठी जवळजवळ पूर्णपणे पाडण्यात आला. लियांग सिचेंग या थोर वास्तुशास्त्रज्ञाने त्याला कडवा विरोध केला. १९५० साली त्याने चेन झानशियांग यांच्यासह जुन्या शहराबाहेर नवे शासकीय केंद्र उभारण्याची योजना मांडली होती. ती फेटाळली गेली. (वारशाच्या रक्षणासाठी ज्याचे नाव आज सर्वजण घेतात त्या लियांगचा एक पाय १९२३ च्या अपघातापासून आखूड झाला होता आणि पाठीला आधारपट्टा बांधून तो जुन्या देवळांच्या आढ्यांवर मोजमापे घेत चढत असे, हेही येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.) मध्य अक्षाचे दक्षिण टोक असलेला योंगदिंगमेन दरवाजा १९५० च्या दशकात पाडला गेला आणि २००४ साली नव्याने बांधला गेला. स्वर्गमंदिरातील सुप्रसिद्ध गोल प्रार्थनागृह १८८९ साली वीज पडून जळाले; आज दिसते ते त्यानंतरचे पुनर्बांधकाम आहे. निषिद्ध नगरीच्या आत २००० ते २००७ या काळात स्टारबक्स या अमेरिकी कंपनीचे कॉफीचे दुकान राजरोस चालत होते.

म्हणजे मोटारींसाठी वारसा हलतो, व्यापारासाठी वाकतो, राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी नव्याने उभाही राहतो. तो अचल, अस्पृश्य आणि पवित्र होतो तो फक्त अपंग माणूस दाराशी आल्यावर. हे वारशाचे प्रेम नव्हे, हे सोवळे आहे. सोवळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. वस्तुतः येथे तोडफोड कोणी मागितलेलीच नाही. एकही खिळा न ठोकता उंबरठ्यावर बसणारा आणि उद्या काढून घेता येणारा लाकडी उतार, उंचसखल फरसबंदीवर एक सपाट पट्टा, जिन्याच्या कडेला यांत्रिक उचलफळी: हे सारे वास्तूला धक्का न लावता करता येते. निषिद्ध नगरीच्या मुख्य मार्गावर काही ठिकाणी ते प्रत्यक्ष केलेलेही आहे. म्हणूनच जेथे ते केलेले नाही तेथे अशक्यतेची सबब टिकत नाही.

सोहळ्यापुरती समता

जे झाले त्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००८ च्या सप्टेंबरात बीजिंगला अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक, भरल्या. त्यानिमित्ताने राजवाड्यात उतार आणि उचलफळ्या आल्या, बादालिंग येथे चिनी भिंतीवर जाण्यासाठी लिफ्ट बसली, रस्त्यांवर अंधांसाठी खुणेच्या फरशा अंथरल्या गेल्या. त्याच वर्षी चीनने अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली आणि १९९० चा अपंग संरक्षण कायदा सुधारून घेतला. त्या स्पर्धांत चीनच्या खेळाडूंनी ८९ सुवर्णपदके जिंकून पहिला क्रमांक मिळविला. पुढे २०२२ साली हिवाळी पॅरालिंपिकचे यजमानपदही याच शहराकडे आले आणि सुधारणांची दुसरी लाट आली.

येथेच खरी मेख आहे. सुधारणा सोहळ्याच्या तारखेने येते. पाहुण्यांच्या गाड्या ज्या वाटेने जाणार ती वाट गुळगुळीत होते. तिच्यापासून शंभर पावलांवरच्या गल्लीत फरशी उखडलेलीच राहते. उतार मोजण्यासाठी बांधला जातो, वापरण्यासाठी नव्हे. अहवालात लिहायचे ते ‘किती बसविले’. त्यांतले किती चालतात, ते चालवायला बोलावलेला कर्मचारी किती वेळाने येतो, याला रकाना नसतो. अंधांसाठी अंथरलेल्या पिवळ्या खुणेच्या पट्ट्यावर भाड्याच्या सायकलींची रांग उभी राहते आणि तरीही तो पट्टा ‘पूर्ण झालेले काम’ म्हणून नोंदला जातो.

अपंगाचा प्रवास ही साखळी असते. घराचा जिना, बस, भुयारी रेल्वेचे स्थानक, रस्ता ओलांडण्याची जागा, तिकिटाची खिडकी, दार, शौचकूप आणि परतीची वाट. यांतला एक दुवा तुटला की उरलेले सारे व्यर्थ. बीजिंगच्या पहिल्या भुयारी रेल्वेमार्गाची स्थानके १९६० च्या दशकात बांधली गेली, तेव्हा लिफ्टचा विचार नव्हता. तेथे खुर्ची जिन्यावरून नेण्यासाठी यंत्र आणि कर्मचारी यांच्यावर विसंबावे लागते. जुन्या वस्तीतील सार्वजनिक शौचकूपे उकिडवे बसण्याची. २०१५ साली पर्यटन खात्याने ‘शौचालय क्रांती’ पुकारली तेव्हा या दुखण्याला निदान नाव तरी मिळाले. खुर्चीवरचा माणूस स्थळे निवडतो ती इतिहासाच्या महत्त्वावरून नव्हे, शौचकुपाच्या अंतरावरून, हे धडधाकट माणसाच्या गावीही नसते. नगारखान्याच्या वर नेणाऱ्या ६९ उभ्या पायऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. तेथे चढणे शक्य नसेल तर वरचे दृश्य, नगाऱ्यांचा नाद आणि त्यांची माहिती खाली आणून देता येते. परंतु त्यासाठी ‘खाली थांबलेला’ माणूसही प्रेक्षक आहे, हे आधी मान्य करावे लागते.

तुटलेल्या दुव्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. २०१९ च्या जुलैमध्ये युन्नान प्रांतातील दाली या ऐतिहासिक शहरात अपंगांच्या चळवळीतील एक कार्यकर्ती, स्वतः चाकाच्या खुर्चीवर, अपंग पर्यटकांना जाता येईल असा मार्ग शोधीत होती. खुर्चीसाठी ठेवलेल्या उतारावर कोणाची तरी मोटार उभी होती. दुसरी वाट शोधताना ती तळघरातील वाहनतळाच्या उघड्या कडेवरून खाली कोसळली आणि मरण पावली. उतार होता. कागदोपत्री सारे यथास्थित होते. मोटारीच्या मालकाला तो उतार रिकामा वाटला आणि तो रिकामा ठेवणे हे कोणाचेच काम नव्हते.

चैन की हक्क?

काही कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका येईल. खेड्यातल्या अपंगाला औषध नाही, काम नाही, शाळा नाही. अशा वेळी राजवाडे पाहण्याच्या सोयीचा आग्रह ही मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. गरिबाला आधी भाकरी द्या, पुस्तक नंतर पाहू, असे म्हणणाऱ्यांनी पुस्तक कधीच दिलेले नाही, आणि बहुधा भाकरीही दिलेली नाही. शिवाय ज्या उताराने खुर्ची संग्रहालयात जाते तोच उतार शाळेत आणि कारखान्यात जायला लागतो. हक्कांची अशी आधी-नंतरची वाटणी वरिष्ठ वर्ग स्वतःच्या बाबतीत कधीच करीत नाहीत.

या शंकेचे सर्वांत चोख उत्तर बीजिंगच्याच एका लेखकाने आपल्या आयुष्याने दिले आहे. शी तिएशेंग हा १९५१ साली जन्मलेला तरुण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शेन्सी प्रांतातील खेड्यात श्रमासाठी पाठविला गेला. एकविसाव्या वर्षी त्याचे दोन्ही पाय गेले. नोकरी नाही, भवितव्य नाही, अशा स्थितीत तो आपली खुर्ची घेऊन घराजवळच्या दीतान, म्हणजे पृथ्वीवेदीच्या बागेत जाऊ लागला. १५३० साली सम्राटांनी पृथ्वीपूजेसाठी उभारलेले ते स्थळ त्या वेळी उजाड पडले होते. पर्यटकांची वर्दळ नव्हती. पंधरा वर्षे तो त्या जुन्या झाडांखाली बसला, वाचत राहिला, लिहीत राहिला, मरणाचा विचार करून जगण्याकडे वळला. पोटासाठी मोहल्ल्यातील लहानशा कारखान्यात त्याने कामही केले. १९९१ साली त्या बागेविषयीचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, तो आज आधुनिक चिनी गद्याचा मानदंड मानला जातो आणि शाळेतली मुले त्यातले उतारे अभ्यासतात. २०१० च्या ३१ डिसेंबरला तो वारला.

या चरित्रावरून काहीजण ‘जिद्दी अपंगा’ची बोधकथा करतील. त्यातला राजकीय अर्थ निराळा आहे. सम्राटाच्या वेदीच्या आवारात एका बेकार, पंगू तरुणाची खुर्ची शिरू शकली म्हणून चिनी साहित्याला एक लेखक लाभला. ती वाट चैनीची नव्हती. ती त्याच्या जगण्याची वाट होती. किती दारांशी असे किती शी तिएशेंग परत फिरले, याची नोंद कोणत्याही वारसा यादीत नाही.

आवाज कोणाचा?

चीनमध्ये अपंगांचा प्रश्न राज्यसत्तेच्या कानी पडला तो कसा, हेही पाहिले पाहिजे. देंग शियाओपिंग यांचे चिरंजीव देंग पुफांग १९६८ साली रेड गार्डांच्या छळापायी विद्यापीठातील इमारतीवरून खाली पडले आणि कायमचे अपंग झाले. १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली चीनचा अपंग महासंघ स्थापन झाला. महासंघाचे कार्य मोठे आहे. अपंगांसाठी रूढ असलेल्या ‘त्सानफेइ’ या शब्दात ‘निकामी’ असा अर्थ होता, तो जाऊन ‘त्सानजी’ हा शब्द रूढ झाला, यातही महासंघाचा वाटा होता. परंतु खुर्चीवर बसलेला माणूस सर्वोच्च नेत्याचा पुत्र होता म्हणून दार उघडले, हे विसरता येत नाही. वरून आलेली करुणा वरच्याच सोयीने चालते.

खालून संघटित होणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. अपंग व रुग्ण यांच्याविरुद्धच्या भेदभावाविषयी खटले लढविणाऱ्या यिरेनपिंग या संस्थेच्या बीजिंगमधील कार्यालयावर २०१५ च्या मार्चमध्ये पोलिसांची धाड पडली. १ सप्टेंबर २०२३ पासून चीनमध्ये अडथळामुक्त परिसराचा स्वतंत्र कायदा अमलात आला आहे. तो स्वागतार्ह आहे. त्याने सार्वजनिक हितासाठी दावा लावण्याचा अधिकार सरकारी अभियोक्त्यांना दिला आहे. पण उतार बांधणारे सरकार, तपासणारे सरकार आणि दावा लावणारेही सरकार अशी व्यवस्था असेल, तर त्या उतारावरून रोज जाणाऱ्या माणसाने अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे आणि तेही उंच असायचे, एवढेच उरते. ज्याला संघटनेचे, निषेधाचे, न्यायालयात जाण्याचे स्वातंत्र्य नाही त्याला मिळालेली सोय कोणत्याही दिवशी बंद पडलेल्या लिफ्टसारखी निरुपयोगी होऊ शकते.

याचा अर्थ चीनकडे बोट दाखवून समाधान मानावे असा मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारावर भारताने चीनच्या आधी, २००७ साली, मान्यतेची मोहोर उठविली आहे. ती मोहोर किती दारांवर उमटली हे येथील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. बीजिंगचे उदाहरण महत्त्वाचे ठरते ते अशासाठी की तेथे पैसा आहे, यंत्र आहे, कायदा आहे आणि निर्णय अमलात आणणारी पोलादी यंत्रणाही आहे. एवढे सारे असूनही साखळी तुटते. तेव्हा तुटलेला दुवा साधनांचा नसून सत्तेचा आहे, हे तेथे जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वारसास्थळाच्या जतनाच्या आराखड्यात प्रवेशाचा आराखडा अविभाज्य असावा. तो आखणाऱ्या, तपासणाऱ्या आणि नापास करणाऱ्या समितीत चाकाच्या खुर्चीवरील माणसे बहुमताने असावीत. उतारांची संख्या जाहीर करू नये; दारापासून दारापर्यंत सलग, मदतीवाचून जाता येणारे मार्ग किती, ते जाहीर करावे. आणि ज्यांना या मागण्या मांडावयाच्या आहेत त्यांना संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य असावे, कारण त्यावाचून उरलेल्या तिन्ही मागण्या कागदावरच राहतील.

राजवाडा ताब्यात घेणे हे क्रांतीचे सोपे काम होते. त्यात सर्वांना जाता येणे हे अवघड काम आहे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे. पू यीच्या करवतीने एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध करून ठेवली आहे: उंबरठे कापता येतात. प्रश्न फक्त करवत कोणाच्या हाती आहे, एवढाच असतो.